आईंच्या खाटेवरून

टीव्हीच्या दुकानात मी बिलाच्या रांगेत उभा होतो. शेजारच्या भिंतीवर एक प्लाझ्मा आणि एक एलसीडी असे दोन मोठे टीव्ही एकच सामना दाखवत होते आणि त्यांच्यासमोर एक जोडपं विक्रेत्याशी बोलत होतं.

"एलसीडीच घेऊ. चित्र बघ कसं लख्ख आहे!"

"समोरून लख्ख आहे. अहो, जरा सरका, मला त्या कोपऱ्यात खाली बसून बघू द्या."

"अगं, भर दुकानात फतकल मारतेस? लोक बघताहेत."

"बघू देत. आईंची खाट कोपऱ्यात आहे आणि त्यांना कूस बदलता येत नाही. त्यांना टीव्ही असाच दिसणार. इथून तुमचे खेळाडू भुतासारखे पांढरेफटक दिसतात."

"ताई, बाजूने बघायचं असेल तर प्लाझ्मा घ्या. फक्त समोर खिडकी असली, की काचेत उजेड चमकतो."

"खिडकीला मी जाड पडदा शिवते."

"अगं, पण प्लाझ्मा वीज जास्त खातो."

"खाऊ दे. आई दिवसभर छताकडे बघत पडलेल्या असतात."

"थांब, मलाही बसू दे खाली. खरंच गं! माझी आई, आणि माझ्या डोक्यातच आलं नाही."

"कसं येईल? तुम्ही कायम सोफ्यावरून बघता."

"बरं, प्लाझ्माच द्या हो. पण सामना बघायला मी कुठे बसू?"

"आईंच्या उशाशी. तुम्ही तिथं बसलात, तर त्या टीव्हीकडे बघणारही नाहीत."