पस्तीसचं पाणी

"हॅलो? … हो आई, उठलेय. कधीची उठलेय… नाही, फोन ठीक आहे, माझं डोकं कपाटात आहे म्हणून आवाज असा येतोय… अगं, टाकीखालच्या कपाटात."

नेदेलिनाने फोन मान वाकडी करून खांद्याशी दाबून धरला. दोन्ही हात ओले होते. दिवाणखान्यातल्या मोठ्या काचेच्या टाकीखाली तिने आठवडाभर खपून दुसरी टाकी बसवली होती. मासे पाळणारे तिला संप म्हणतात. वरचं पाणी कोपऱ्यातल्या पाईपने खाली यायचं, पहिल्या कप्प्यात गाळ सोडायचं, दुसऱ्यात फेस सोडायचं, आणि तिसऱ्यातल्या पंपाने परत वर जायचं. काचा तिने स्वतः कापल्या होत्या, सिलिकॉन स्वतः भरलं होतं. बाल्कनीतल्या निळ्या पिंपातलं चाळीस लिटर पाणी सकाळपासून बादलीने आणून खाली ओतून झालं होतं. आता फक्त पंपाची पिन लावायची होती, आणि गेला अर्धा तास ती लावत नव्हती.

"नाही, खाल्लं नाही अजून… खाईन… काल तू ठेवलेली बानित्सा आहे ना, चीज भरलेली, तीच खाईन… हो, पाहिली. ओट्यावर होती. किल्ली तुझ्याकडे आहे म्हणजे तू येणारच, मी कुठे काही म्हणाले?"

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि शुक्रवारी नेदेलिना पाण्याच्या प्रयोगशाळेत कामाला असली की येऊन ओटा पुसून जायची. सोबत काहीतरी ठेवून जायची, आणि काहीतरी जागेवरून हलवूनही जायची. कात्री गेल्या महिन्यापासून सापडत नव्हती.

"आई, मी जरा घाईत आहे. दोनला ड्युटी आहे… शनिवारीसुद्धा, हो. लोक शनिवारीसुद्धा पाणी पितात… नाही, चिडत नाहीये. बोल तू, मी ऐकतेय."

ऐकत नव्हती. तिचं लक्ष संपच्या काठाकडे होतं. पंप चालू करणं सोपं होतं; धाकधूक होती ती तो बंद पडला तर काय होईल याची. वीज गेली की वर जाणाऱ्या पाईपमधलं पाणी उलटं फिरतं आणि वरची टाकी ओढून खाली आणतं. गेल्या वर्षीच्या पहिल्या संपच्या वेळी हेच झालं होतं आणि खालच्या मजल्यावरच्या मिंचोकाकांच्या छतावर नकाशा उमटला होता. या वेळी तिने पाईपला पाण्याच्या रेषेजवळ एक बारीक भोक पाडलं होतं. पाणी थोडं उतरलं की भोकातून हवा शिरेल आणि ओढ तुटेल. कागदावर बरोबर होतं. कागदावर मागच्या वेळीही बरोबर होतं.

"संप म्हणजे… कसं सांगू… खाली एक भांडं. वरचं पाणी खाली येतं, साफ होतं, पुन्हा वर जातं… दिवसरात्र, हो… कशासारखं? … हं."

तिने कपाटातून डोकं बाहेर काढलं.

"हो गं. तसंच अगदी. आंबवायच्या कोबीच्या पिंपात आपण मिठाचं पाणी खालच्या तोटीतून काढतो आणि वरून ओततो… हो, नाहीतर सडतो. इथेही सडतंच. बरोबर बोललीस."

नऊ वर्षांत आईने या टाकीबद्दल विजेच्या बिलापलीकडे काही विचारलं नव्हतं. नेदेलिनाला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याच्या भरातच तिने हात पुसून पिन लावून टाकली. पंप गुरगुरला. पाईप थरथरला. वर कोपऱ्यातून पाण्याची धार सुटली आणि समोरच्या हिरव्या प्रवाळावरून सळसळत गेली.

ते प्रवाळ तिने नखाएवढा तुकडा म्हणून आणलं होतं. आता ते दोन पंजांएवढं होतं, बशीसारखं पसरलेलं, आणि दिवसा त्याच्यावर बारीक बारीक तोंडं उघडायची. ही जात नाजूक. पाण्याचा खारटपणा एकदम बदलला तर त्याचं मांस एका दिवसात हाडावरून सुटून येतं आणि मागे पांढरा दगड उरतो. म्हणूनच तर हा सगळा खटाटोप होता.

"चालू झालं, आई… पंप. पंप चालू झाला… थांब, हं, बघू दे… छान चाललंय. बोल, काय म्हणत होतीस कोबीचं?"

आईचा आवाज उजळला होता. कोबी आज दुपारी येणार होता, चाळीस किलो, मिंचोकाका आपल्या गाडीतून आणून देणार होते. तो दर वर्षी नेदेलिनाच्याच बाल्कनीत मुरायचा, कारण ती उत्तरेकडची आणि थंड. नाताळच्या सार्म्यांची, भात-खिमा गुंडाळायची पानं तिथूनच निघायची.

"चालेल, आणू देत… रिकामं पिंप कोपऱ्यात आहे, धुऊन ठेवलंय… मिठाचं पाणी आपण संध्याकाळी… कुठलं तयार आहे? … नाही गं, मी कुठे केलंय…"

पाण्याची धार चालूच होती.

"कुठल्या निळ्या पिंपात? … आई, झाकणावर पस्तीस लिहिलेलं होतं त्यात? … किंमत नव्हे ती. पस्तीस लेव्हा नव्हेत… ते… अगं, काय केलंस तू त्याचं? … अंडं?"

तिने फोन हातात घेतला.

"अंडं बुडालं. बरं… बुडणारच… मग? … किती? … आई, किती पुड्या? … तीन. तीन किलो. अंडं तरंगेपर्यंत, म्हणजे कोबीला पुरेल इतकं."

नेदेलिना वाकली आणि पिन उपटली.

पंप थांबला. पाईपमध्ये घशातून निघाल्यासारखा आवाज झाला आणि पाणी उलटं फिरलं. संपमधली पातळी चढायला लागली, चार बोटं, तीन बोटं, आणि ती काठाकडे बघत तशीच गुडघ्यावर बसून राहिली. मग वरच्या भोकातून हवा शिरल्याची बारीक शीळ आली. पाणी काठाखाली दोन बोटांवर थांबलं आणि हललं नाही.

भोक बरोबर जागी पडलं होतं. याचा आनंद करायला मात्र आता तिला वेळ नव्हता.

"आहे मी… आहे, आई. थांब जरा. फोन ठेवू नकोस."

प्रयोगशाळेत वापरतात तसलं क्षार मोजायचं छोटं नळीसारखं यंत्र खिडकीत होतं. त्याच्या काचेवर तिने वरच्या टाकीतला थेंब टाकला आणि उजेडाकडे धरलं. अडतीस. संपमधला थेंब टाकला, तेव्हा निळी रेषा आकड्यांच्या पट्टीत दिसलीच नाही. पंप जेमतेम मिनिटभर चालला असेल. आईचा फोन दहा मिनिटं उशिरा आला असता, तर वरचा आकडाही चाळिशी ओलांडून गेला असता.

"ते कोबीचं पाणी नव्हतं, आई… नाही… टाकीचं. समुद्राचं पाणी घरी बनवतात तसं. वेगळं मीठ असतं, मोजून घालायचं, हजाराला पस्तीस… हो, त्यातलंच ओतलं मी. आत्ता… हो, प्रवाळाच्या अंगावरून गेलं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आई? … ऐक ना… रडू नकोस. अगं, रडतेस काय… तुला कसं कळणार? निळं पिंप, बाल्कनीत, नोव्हेंबर महिना. कोणालाही तेच वाटेल… काय? … कोणाला सांगितलंस? … त्सोनकामावशीला."

मग तुटक तुटक तिला सगळं कळलं. काल पिंपाचं झाकण उघडल्यावर आईला वाटलं होतं की लेकीने या वर्षी न सांगता, स्वतःहून कोबीचं पाणी करून ठेवलं. चव घेतली, तर खारट होतं, फक्त जरा कमी. आणि आईने ठरवलं की बोलायचं नाही. पहिल्यांदा केलंय, चूक काढायची नाही. गुपचूप मीठ घालून पुरं करायचं आणि श्रेय तिलाच द्यायचं. मावशीला तसाच फोन केला होता. नेदेलिनाने पाणी केलं, अंडं असं तरंगलं की काय सांगू.

नेदेलिना टाकीसमोर उभी राहिली. हिरव्या प्रवाळाची तोंडं एकेक करून मिटत होती. कडेपासून सुरुवात झाली होती.

"आई, माझंही चुकलंय… नाही, ऐक. मी गुरुवारी मोजलं, पस्तीस भरलं, झाकणावर लिहिलं. आज ओतण्याआधी पुन्हा मोजायला हवं होतं. लॅबमध्ये प्रत्येक बाटली दोनदा मोजते मी. घरात नाही मोजली… नाही, तुला बरं वाटावं म्हणून नाही म्हणत. खरंच आहे ते."

आणि मग, बोलता बोलताच, तिच्या डोक्यात आकडे लागायला लागले. वरच्या टाकीत दोनशे साठ लिटर. अडतीसवरून पस्तीसवर. वीस लिटर काढायचं, वीस लिटर गोडं पाणी घालायचं. गोडं, गाळलेलं पाणी स्वयंपाकघरातल्या कॅनमध्ये होतं, पंचवीस लिटर, पुरेसं. पण एकदम ओतायचं नाही. एक धक्का बसलाच होता, दुसरा उलट्या दिशेने देऊन चालणार नव्हतं. सहा तास तरी हवेत. बारीक नळीतून, मिनिटाला कॉफीचा एक छोटा कप. नळीत बुडबुडा अडकला तर धार थांबणार, चिमटा सुटला तर एकदम वाहणार. कोणीतरी समोर बसून राहायला हवं. आणि दोन वाजता आज प्रयोगशाळेत ती एकटीच होती, सदतीस बाटल्या तिची वाट बघत होत्या.

तिने घड्याळाकडे पाहिलं. पावणेअकरा.

"आई, तोटी तुंबली की तू पिंपातलं पाणी नळीने काढतेस ना, तोंडाने ओढून… धार बारीक ठेवायची असली तर काय करतेस? … गाठ मारतेस. सैल गाठ. बरं… आणि बुडबुडा आला तर? … बोटाने टिचकी."

मग म्हणाली,

"येशील का? … आत्ता. माझी सुरुवात करून होईल, मी दोनला निघेन, मग पाच वाजेपर्यंत तुला बसावं लागेल… टीव्ही नाही बघायचा. नळीकडे बघायचं… नाही, मीठ नाही. काहीही घालायचं नाही, आई. चवसुद्धा घ्यायची नाही."

मग आईने विचारलं, प्रवाळ जगेल का.

"माहीत नाही… खरंच माहीत नाही. जगेल कदाचित. मिनिटभरच झालंय. कडेचं मेलं तरी मधलं राहील… मधलं राहिलं तर पुन्हा वाढतं. हळू वाढतं… नऊ वर्षं, हो… तीनच्या सुमाराला बघ त्याच्याकडे. बारीक तोंडं असतात, फुलासारखी, ती बाहेर यायला लागली तर मला फोन कर… नाही आली तरी कर."

तिने कपाटातून नळी काढली, खांदा आणि कान यांच्यात फोन पुन्हा दाबला, आणि सैल गाठ मारून बघितली. धार फार जाड पडली. ओढून घट्ट केली, तर बंदच झाली.

"आई, गाठीतून एकदाच फिरवायचं की दोनदा? … आई? … हॅलो?"

पलीकडे दार बंद झाल्याचा आवाज आला, मग कुलपाचा. फोन बंद झाला नव्हता. आईने तो घाईघाईत तसाच कोटाच्या खिशात टाकला असावा. कापडाची खसखस, जिन्यावर पावलं, एकेक पायरी, मग मधेच पावलं थांबली. शेजारीण भेटली असणार. एवढ्या घाईत कुठे, असं तिने विचारलं असावं, कारण आई तिला सांगत होती, आमटीबद्दल सांगावं तशा आवाजात, की मुलीच्या समुद्रात मीठ जास्त पडलंय, बघून येते.

नेदेलिनाने फोन बंद केला, घरातला सगळ्यात छोटा कप नळीखाली धरला आणि सेकंद मोजायला लागली.