गाडीखालचं लिंबू

हसणार नसाल तर सांगतो. मुलाची तीस वर्षांपूर्वीची रिमोटवर चालणारी बग्गी मी तीन महिने खपून दुरुस्त केली. बंगळुरात अख्खं जयनगर हिंडूनही न मिळालेलं गिअरचं चाक शेवटी कानशीने घासून घरीच बनवलं. रविवारी मुलगा यायच्या आत अंगणात चालवून बघणार, तेवढ्यात बायको लिंबू घेऊन आली.

"अहो, गाडी पूजेशिवाय हलवायची नाही."

"अगं, चाकाएवढं लिंबू आहे!"

"मग जोरात न्या."

शेजारचे मंजुनाथअण्णाही म्हणाले, "सर, स्वल्प जोरात!"

नेली. बग्गी लिंबावर चढली, उलटली आणि माझ्या गिअरचे सगळे दात गेले. लिंबाला चीरही पडली नव्हती.

बायकोने हात जोडले. "थोडक्यात निभावलं. लिंबू नसतं तर केवढा अपघात झाला असता!"