कुमुदची पिशवी

ब्रँड कसा बुडते, ते मले विचारा बायांनो. सासूबाईंनी गांधीबागेत बायकांच्या आतल्या कपड्यांचं दुकान टाकलं, स्वतःच्याच नावाचा ब्रँड काढला, 'कुमुद'. माल घरोघरी गेला, पण काळ्या पिशवीत. नाव छापलेल्या पिशव्यांमध्ये आम्हीच घरी कांदे भरले.

शेवटी मी दुकान बंद केलं. त्या दिवशी जुन्या गिऱ्हाईक देशकर काकू आल्या अन् रडल्याच.

"काहून बंद करून राहिली वं? जन्मभर तुमचंच घातलं मी."

"कोणाले सांगितलं का कधी, काकू?"

"काहीतरीच तुझं! असं कोणी सांगते का?"

उरलेला एक नग 'कुमुद'च्या पिशवीत घालून त्यांच्या हातात दिला, आठवण म्हणून.

डोळे पुसत म्हणाल्या, "काळी पिशवी दे ना वं."