सुमीच्या गावाला कुलूप नाही

मी संगमेश्वराकडचा. आमची वाडी चौदा उंबऱ्यांची, खाली वहाळ, वर देऊळ, आणि चौदाच्या चौदा घरं एकाच भावकीची, म्हणजे भांडायला बाहेर जावं लागत नाय. नाव सखाराम, पण मस्कतात मला सखाराम कोणी म्हणत नाय, अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, आईला ते काय जमलं नाय, ती साकी म्हणाली आणि मी साकी झालो. शाळा आठवीपर्यंत, मग भांडुपला टेम्पोवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग कोणीतरी म्हणालं गल्फला जातोस काय, तर आलो. हाऊस ड्रायव्हर. बौशरला अर्बाबचा व्हिला हाय, त्याच्या मागच्या अंगाला माझी खोली. पोरांना शाळेत सोडायचं, मॅडमला मत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, न्यायचं, महिन्यातनं एकदा म्हातारीला निझवाला तिच्या माहेरी. एवढंच आयुष्य. वाईट नाय हां, माणसं चांगली, जेवण वेळेवर.

त्या घरात स्वयंपाकाला, लादी-कपड्याला सुमी होती. इंडोनेशियाची, जावा म्हणून बेट हाय तिकडं, तिथल्या एका खेड्यातली. पूर्ण नाव सुमियाती. मी म्हटलं अगो आमच्या आत्याचं नाव पण सुमी, तर तिला इतकं हसू आलं, की तिनं त्याच दिवशी मला भैया केला. ती मुसलमान, मी माळकरी, भाषा अर्धी अरबी अर्धी हिंदी, उरलेलं हातवारे. एकदा तिनं फोनवर गावचा फोटो दाखवला, तर काय सांगू तुम्हाला, लाल कौलं, माड, पुढं भाताची खाचरं, बांधावर केळी, मी म्हटलं हे कोणी आमच्या वाडीचं काढलं? फरक एवढाच, की आमच्याकडनं पुरुष बाहेर जातात आणि त्यांच्याकडनं बाया. तिचा नवरा दुसऱ्या बेटावर तेलाच्या माडांच्या बागेत, पोरगा शहरात शिकायला, आणि घरात एकटी म्हातारी आई. ते घर सुमीनं आठ वर्षं हितं लाद्या पुसून बांधलेलं, बांबूच्या कुडाच्या जागी विटेचं, आणि तिनं स्वतः ते अजून बघितलं पण नव्हतं.

मी विचारलं, म्हातारी एकटी, घर नवं, कुलूप तरी चांगलं हाय का? ती म्हणाली कुलूप कशाला. मग तिनं सांगितलं ते ऐका. त्यांच्याकडं प्रत्येक घराच्या पुढं एक लहान डबा टांगलेला असतो, दिवेलागणीला घरातल्यानं त्यात चिमूटभर तांदूळ टाकायचे, आणि वाडीतले पुरुष पाळीपाळीनं गस्त घालतात ते घरोघर फिरून तो तांदूळ गोळा करतात. नाक्यावर त्यांची एक झोपडी, तिथं लाकडाचा पोकळ ठोकळा टांगलेला, चोर आला तर एका तऱ्हेनं वाजवायचा, आग लागली तर दुसऱ्या, कोण वारलं तर तिसऱ्या. चोऱ्या होत नाहीत असं नाय, एकाची मोटारसायकल गेलीच होती, म्हणून तर गस्त. जमलेला तांदूळ विकून रस्त्याला दिवा लावतात, कोण आजारी असलं तर त्याला देतात. मी खो खो हसलो. म्हटलं चिमूटभर तांदळात घर राखून घेता, मग आमच्या गावात गोणीच टांगायला पायजे! ती काय रागावली नाय. भेंडी चिरता चिरता म्हणाली, भैया, तुझं घर कोण बघतं? मी म्हटलं कुलूप बघतं, सात लिव्हरचं. ती म्हणाली, ते कुलूप तुझ्या बायकोला पाणी विचारतं काय? मी म्हटलं यल्ला, कामं कर आपली.

आता माझ्या घराचं सांगतो, नायतर तुम्हाला कळायचं नाय मला ते का झोंबलं. मी स्लॅबचं घर बांधलं. पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, लादी बसवली, चकचकीत. आणि देवळाकडं जायची पायवाट पूर्वीपासून त्या खळ्यातनं. लोक चिखलाच्या पायांनी जाणार, गुरं जाणार, शेण पडणार. त्यात पडवीतला तांब्याचा हंडा चोरीला गेला. कोणी नेला देव जाणे, फिरती भंगारवाली माणसं येतात, पण मला सगळी वाडीच चोर दिसायला लागली. मग मी सुट्टीत आलो ते चिऱ्याची भिंतच घातली, पाच फूट उंच, वर बाटल्यांच्या काचा, पुढं लोखंडी गेट. बाजूचा दत्तादादा, माझा सख्खा चुलतभाऊ, माझ्याहून मोठा, त्यानं येऊन सांगितलं, सख्या, ही वहिवाट हाय, आज्यापणज्यापासनं माणसं जातात, बंद करू नको. मी म्हटलं जागा माझी हाय. तो म्हणाला बरं. तिथनं बोलणं खलास. चार वर्षं. आमच्या मंडळीला, सुनंदाला, ताकीद दिली, दत्तादादाकडं जायचं नाय, त्याच्या बायकोशी, शेवंतावहिनीशी बोलायचं नाय, गेट दिवसापण आतनं बंद. मुलगी लग्न होऊन गेलेली, ही एकटी, त्यात शुगर. मी रोज हितनं फोन करणार, गेटला कुलूप लावलंस? ती म्हणणार, हो, लावलं. मला वाटायचं, बघा, मी समुद्रापलीकडनं घर राखतोय.

तर एक दिवस संध्याकाळी मी गाडी धूत होतो आणि किचनमधनं सुमी ओरडली. धावत गेलो तर फोन कानाला आणि ही लादीवर बसलेली, पाय पसरून. त्यांची घड्याळं मस्कतपेक्षा तीन तास पुढं, तिकडं रात्र झालेली. गस्तीची माणसं तिच्या दाराशी आली तर डबा रिकामा. म्हातारीनं कधी चुकवलं नव्हतं. पाहुण्यांकडं गेली म्हणावं तर सांगून गेली असती. हाका मारल्या, मागं जाऊन बघितलं, तर म्हातारी विहिरीच्या दगडावर घसरून पडलेली, दुपारपासनं, खुबा मोडलेला, बोलायची पण ताकद नाय. ठोकळा वाजवला, माणसं जमली, कोणाचा तरी छोटा टेम्पो काढला आणि तालुक्याला नेली. सकाळपर्यंत राहिली असती तर वाचली नसती असं डॉक्टर बोलला. सुमी रडत होती आणि हसत पण होती, मला म्हणाली भैया, अम्मा पाणी प्याली, अम्मा पाणी प्याली. मी तिला ग्लासभर पाणी दिलं आणि भायेर येऊन धुतलेलीच गाडी परत धुवायला लागलो.

माझ्या डोक्यात एकच, आमची सुनंदा पडली तर? गेट आतनं बंद, कुलूप सात लिव्हरचं, भिंतीवर काचा, वाडीशी अबोला. कोणाला कळणार, आणि कळलं तरी आत येणार कसं? चोरासाठी घातलेली भिंत, पण चोराला एक वेळ शिडी मिळेल, डॉक्टरला कुठली? खरं सांगतो, मी घाबरलो. घरी फोन लावून म्हटलं, तुला काय झालं तर कोणाला कळेल गो? ती म्हणाली, काय होत नाय मला, तुम्ही जेवलात काय? बायकांची ही रीतच हाय, विषय ताटावर नेऊन ठेवायचा.

गणपतीच्या आधी सुट्टी मिळाली, अडीच वर्षांनी. पोचलो त्याच दिवशी नारळ-सुपारी घेतली आणि दत्तादादाच्या पडवीत गेलो. तो सुंभ वळत बसलेला. वर बघितलं आणि म्हणाला, ये, बस. चार वर्षांचं भांडण, मला वाटलं शिव्या घालील, नाय घातल्या, त्यानं जास्तच वाईट वाटलं. शेवंतावहिनी पाणी घेऊन आली. तांब्या घेताना बघतो तर तिच्या तळहातावर हा एवढा वण, अंगठ्यापासनं मनगटापर्यंत. मी आपला सहज बोलून गेलो, वहिनी, हाताला काय वो झालं? दत्तादादा सुंभ वळता वळता म्हणाला, तुझ्याच काचा.

मग कळलं सगळं. दोन वर्षांमागं एक दिवस आमच्या तुळशीपुढं दिवा लागला नाय. वहिनी भिंतीपलीकडनं रोज बघायची, दिवा लागला की आपल्या घरात जायची. त्या दिवशी हाका मारल्या, ओ नाय. गेट बंद. दत्तादादानं शिडी लावली आणि ही पन्नाशीची बाई काचांवरनं आत उतरली, तर सुनंदा न्हाणीजवळ बेशुद्ध, शुगर उतरलेली. गूळ चारला, शुद्धीवर आणली, मग वहिनीच्या हाताला फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी दादानं हातोडीनं तेवढ्याच भागातल्या काचा उडवल्या. मी जाऊन बघितलं. दोन हात जागा मोकळी, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना एकेक चिरा ठेवलेला, उभं राहायला. त्यावर उभ्या राहून ह्या जावा-जावा रोज बोलत होत्या, कालवणाची वाटी इकडनं तिकडं जात होती. आणि मी तिकडं मस्कतात बसून फोनवर विचारत होतो, कुलूप लावलंस?

घरी येऊन हिला म्हटलं, एवढं झालं आणि मला सांगितलं नाय? एकटी बाई, भीती नाय वाटली तुला? ती चुलीपुढं भाकरी थापत होती. म्हणाली, चोराची भीती मला कधीच नाय वाटली, अहो. फोन वाजला की वाटायची.

दुसऱ्या दिवशी मी दत्तादादाकडनं हातोडी मागून आणली.

गेट काढलं, पायवाटेपुरती भिंत पाडली. लादीवर शेण पडतं, पोरं सायकली घालतात, एक फरशी फुटली पण. पडू दे, फुटू दे. सुमी मागल्या वर्षी गावी गेली कायमची, म्हातारी काठी घेऊन चालते म्हणते, सुखी राहो बाई, तिचं गाव सुखी राहो. माझं अजून एक वर्ष, मग मी पण जाणार, इन्शाल्ला म्हणा नायतर देवाच्या मनात असेल तर म्हणा. तुम्ही लिहून घेताय तर एवढं पण लिहा, आधी मी घरी फोन लावला की धा-धा रिंगा वाजायच्या, मला वाटायचं कामात असेल. आता दुसऱ्या रिंगला उचलते.