संकासुर बेडोकला आला

ये गं, अशी जवळ बस. तासभर उशीर केलास आणि वर चहा नको म्हणतेस, हे आमच्या सिंधुदुर्गात चालत नाही. फोन ठेव पर्समध्ये.

तर माझे बाबा दशावतारी, स्त्रीपार्ट करायचे, राण्या सगळ्या, त्यांच्यासारख्या निऱ्या मला अजून येत नाहीत. आणि काय सांगू तुला, दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. रंगपटात तोंडं रंगवता रंगवता आख्यान ठरवायचं, कोण कोण होणार ते ठरवायचं, मग बोलणं ज्याचं त्यानं उभं राहून करायचं. मी दारातून बघून बघून शिकले, पण तोंडाला रंग कधी लावला नाही, बायका लावत नसत.

पुढे मुलगा बोटीवर इंजिनिअर झाला, त्यानं मला इथे सिंगापुरात, बेडोकला आणलं. गेल्या दिवाळीत इथल्या मराठी मंडळाची पोरं आली, म्हणाली, आजी, पाडव्याची बळीराजाची गोष्ट तुम्ही बसवा. म्हटलं बसवते, पण आमच्या पद्धतीनं. स्क्रिप्ट कुठाय म्हणाली. म्हटलं नसते. झालं, वन-नॉर्थच्या ऑफिसांत कॉम्प्युटरवर बसणारी पोरं ती, घाबरली. आमचा बळी म्हणजे पुण्याचा निखिल, त्यानं गुपचूप पंधरा पानं लिहून सगळ्यांना पाठवली. मला लागलं गं ते. वाटलं, बाबांचं सगळं माझ्याबरोबरच जाणार. तरी तालमी घेतल्या.

प्रयोगाला हॉल भरलेला. माझी नात ईरा बटू झालेली, तिनं तीन पावलं जमीन मागितली, आणि निखिल एक वाक्य विसरला. एक गेलं तशी पुढची सगळी पानं गेली. उभा आपला. ईरा विंगेकडे बघून इथल्या पोरांसारखं म्हणते, आज्जी, हाऊ लाह, म्हणजे आता कसं करायचं.

संकासुराचा काळा बुरखा, लाल लोंबत्या जिभेचा, मी नुसता शोभेला टांगला होता. संकासुर म्हणजे दशावतारातला हसवणारा राक्षस, त्याचा सोंगाडेपणा आख्यानाच्या आधीच संपतो, बळीच्या गोष्टीत त्याचं काही काम नाही. मी बुरखा चढवला आणि थेट रंगमंचावर शिरले. म्हटलं, काय रे राजा, हयल्या फ्लॅटात तीन पावलांत सैपाकघर संपता, ह्या पोराक पुरतला कसा? हॉल हसला, निखिलपण हसला, खांदे सैल झाले त्याचे. मग विचारलं, सगळा देऊन टाकलंस, आता तू ऱ्हवतलंस खंय?

ह्याचं उत्तर पानांत नव्हतं. बटूकडे वळून म्हणाला, ठेवशील तिथे राहीन, वर्षातून एकदा घरी येऊ दे, एवढंच. आणि ईरापुढे डोकं वाकवलं. पुढच्या रांगेतले बोटीवरचे बाप्ये चष्मे पुसत होते.

यंदा निखिल आपणहून आला, आजी, आख्यान तेवढं सांगा, लिहीत नाही म्हणाला. म्हटलं बस, आधी चहा घे.

तूही घे, निवतोय. आणि वर्षातून एकदा यायला तो बळीराजा, तू तर इथल्या इथे, तोआ पायोहला राहणारी. येत्या रविवारी ये, घावणे घालते.