बाय वीक म्हणजे सुट्टी नव्हे!

...आणि वर मलाच विचारतात, 'साकेत, एवढं काय आभाळ कोसळलं?' काय कोसळलं? अहो, पाच मॅच झाल्या होत्या, पाचही हरलो होतो, एकच उरली होती, तीही हरलो असतो तर पुढच्या वर्षी क्लब बंद, असं स्टुडंट्स युनियनचं पत्र माझ्या खिशात, हातात उरलेला एकच आठवडा, आणि त्या आठवड्यात युनिव्हर्सिटीची माझी टीम काय करत होती? खुर्च्या मांडत होती! लेस्टरच्या मराठी मंडळाच्या! दोनशे चाळीस!

तुम्हाला सांगतो, सगळा दोष माझ्या आईचा. नाही, थांबा, आधी बाय वीक म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुमचाही तिच्यासारखाच गैरसमज व्हायचा. आमच्या गटात टीम सात. सात म्हणजे विषम. दर रविवारी सहा जणी आपसांत खेळणार आणि सातवी घरी बसणार, तो तिचा बाय वीक. बसणार म्हणजे बसायचं नाही! तेच तर मी कधीपासून ओरडतोय! मी चार वर्षं ओहायोत शिकलो. तिथे कॉलेजच्या टीमचा कोच बाय वीकमध्ये घरचं तोंड बघत नाही. मागच्या मॅचचे व्हिडिओ बघायचे, कोण कुठे चुकला, कुणाचा गुडघा दुखतोय, कुठली चाल फेकून द्यायची... अख्खी टीम उसवून पुन्हा शिवायची! बाय वीक म्हणजे सुट्टी नव्हे!

हो, अमेरिकन फुटबॉल. तो लांबट बॉल, हेल्मेट, खांद्यांवर गाद्या, तोच. 'लेस्टरमध्ये राहून हे काय खूळ?' असं विचारू नका, बाबांनी रोज विचारून झालंय. मला तिकडे नोकरी मिळत होती हो! पण म्हटलं, नाही, ज्या गावात वाढलो तिथे परत जायचं, आणि दाखवायचं की नीट विचार केला, शिस्त लावली, तर कुठलीही साधी पोरं... हसताय? हसा. ती पोरंही हसायची.

पोरं सव्वीस. निम्मी मेडिकलची, म्हणजे बोटं मोडतील म्हणून बॉललाच भिणारी. पुढच्या फळीत ग्लासगोचा कॅलम, कपाटाएवढा, मनानं गरीब, समोरच्याला आडवा करून त्याचीच माफी मागणारा. आणि कुश. कुश आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल आधी त्याच्या हातात येतो आणि पुढे त्याचं काय करायचं ते तो बघतो. इथेच जन्मलेला, आई नागपूरची, हात असा की चाळीस यार्डांवरून बॉल तुमच्या खिशात घालेल. आणि पाचव्या मॅचमध्ये हा पोरगा बॉल हातात घेऊन नुसता उभा! पुतळा! तिघांनी येऊन त्याला जमिनीत पेरला तरी हा उभाच्या उभा आडवा! मी सगळ्यांसमोर ओरडलो, "झोपला होतास का रे?" त्याने हेल्मेट काढलं, खाली बघत निघून गेला. ते माझ्या डोक्यातून जाईना हो... म्हणून मग मी आराखडा केला. बाय वीकचा. त्रेचाळीस पानांचा.

आणि सोमवारी जेवताना आईला म्हणालो, "या रविवारी मॅच नाही आमची." संपलं! माझी आई, डॉक्टर अरुणा, तीस वर्षं हॉस्पिटलात. रोटामध्ये, म्हणजे ड्यूटीच्या तक्त्यात, ज्याच्या नावापुढचा चौकोन रिकामा, तो माणूस कामाला मोकळा, एवढंच तिला कळतं. मी भाजी वाढून घेईपर्यंत तिने मंडळाला फोनसुद्धा लावला होता. "हो हो, सव्वीस मुलं! धडधाकट! साकेतचीच!"

मंडळाची दिवाळी होती हो त्या रविवारी. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते, पण हॉल तेव्हा मिळाला. इथे पंचांग हॉलवाला ठरवतो. "आई," मी म्हटलं, "बाय वीक म्हणजे सुट्टी नव्हे!" "नाहीच ना," ती म्हणाली, "म्हणून तर काम दिलं."

बरं, पोरांनी नाही म्हणावं? अहो, उड्या मारत आली! माझ्या प्रॅक्टिसला सकाळी अकरा डोकी मोजायचो, तिथे सव्वीसच्या सव्वीस, वेळेवर, अंघोळ करून! मी आराखडा घेऊन कोपऱ्यात उभा. म्हटलं खुर्च्या लागल्या की पान एक. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली आणि सुमनकाकू आल्या.

सुमनकाकू तुम्हाला माहीत नाहीत? पाच फूट पण नसतील. वीस वर्षं मंडळाचं वाढप बघतायत. हातात पळी, पदर खोचलेला, वर स्वेटर. सव्वीस दांडगी पोरं समोर उभी केली, हातात भांडी दिली, आणि चार शब्द शिकवले. वाढ. पुढे. थांब. पुरे. बस! कॅलमला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण पळी वर गेली की कॅलम थांबायचा, पळी फिरली की कॅलम पुढे! दोनशे चाळीस पानं, चौतीस मिनिटांत! ना कुणी कुणाला धडकलं, ना कढी सांडली. आणि कुश! तो मधोमध उभा, कुठलं ताट रिकामं ते आधीच बघून काकूंच्या आधी ओरडत होता, "कॅलम, वाढ! पुढे, पुढे!" पाच मॅचमध्ये ज्याचा आवाज मी ऐकला नव्हता तो!

मला आनंद व्हायला हवा होता. मी आराखडा पाठीमागे लपवला.

मग मी ओहायोची युक्ती केली. कागदी रुमाल वाटले. म्हटलं, नाव घालू नका, टीममध्ये काय बदलायला हवं ते लिहा. सव्वीस रुमाल आले. पहिल्यावर, 'कोचने कमी बोलावं.' म्हटलं, असतो एखादा. दुसऱ्यावर, 'कमी बोलणं.' तिसऱ्यावर नुसतं तोंडाला लावलेल्या कुलपाचं चित्र. चौथा, पाचवा, दहावा... तेविसाव्यावर होतं, 'श्रीखंड छान होतं.' तुम्हाला सांगतो, त्या रुमालाला मी जवळजवळ मिठी मारली! आणि सव्विसाव्यावर, 'त्या पळीवाल्या काकूंना आणा.'

बाहेर पार्किंगमध्ये जाऊन बसलो. कशाला आलो परत? चार वर्षं शिकून हेच कळलं का, की अडचण टीमची नाही, माझी आहे? तेवढ्यात कुश आला, शेजारी बसला. त्याचं मराठी असं तुटकं. म्हणाला, "साकेतदादा, रागव नको. तू खूप चांगला सांगतो. पण तुझा एक चाल... बारा शब्द असतो. पंचवीस सेकंदात खेळ सुरू करायला लागते, तू समजावत वीस सेकंद बोलतो. मी उभा असतो ना, तेव्हा मी झोपत नाही. मी आठवतो."

मी आठवतो!

अहो, तो पुतळा झाला नव्हता. तो माझं वाक्य संपवत होता. आणि मी त्याला सगळ्यांसमोर...

त्रेचाळीस पानं तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली. रीसायकलिंगच्या. पुढचे पाच दिवस आम्ही एकच केलं. माझ्या साठ चालींच्या चार केल्या. वाढ म्हणजे फेक. पुढे म्हणजे पळ. थांब म्हणजे रोखून धर. पुरे म्हणजे आता लाथ मारून बॉल लांब पाठव. बोलणार कुश. मी? मी मैदानाच्या पलीकडे, चहाच्या थर्मासपाशी. "दादा, तू चहा बघ," म्हणाला.

रविवारी बघितला चहा. समोरच्या टीमला कळेना ही कुठली भाषा, आणि कॅलम ग्लासगोच्या सुरात "पुडे! पुडे!" ओरडत तिघांना घेऊन पडत होता. शेवटची दोन मिनिटं, आम्ही सहा गुणांनी मागे, आणि कुशच्या हातात बॉल, आणि तो क्षणभर थांबला... माझ्या तोंडात अख्खं वाक्य तयार होतं! बारा शब्दांचं! मी थर्मासचं झाकण दातांत धरलं. आणि कुश ओरडला, "वाढ!"

बॉल शेवटच्या रेषेपलीकडे झेलला त्याचे सहा गुण, वरच्या लाथेचा एक. जिंकलो. एका गुणाने. क्लब राहिला. सगळे सव्वीस जण एकमेकांच्या अंगावर, आणि मी पलीकडे झाकण चावत रडतोय, आणि मला कुणी बोलावेपर्यंत चहा गार.

आता पुढच्या वर्षीही कोच मीच, बरं का! एकमताने! एका अटीवर. मॅचला चार शब्द. टीमचा बाय वीक एका आठवड्यात संपला, माझा चालूच आहे. मग उरलेले शब्द जायचे कुठे? घेऊन येतो असा तुमच्यासारख्यांकडे. कारण मी काय म्हणतो, बाय वीक म्हणजे सुट्टी न...

काय म्हणालात?

'पुरे'?

...अच्छा. म्हणजे सुमनकाकू तुमच्याही ओळखीच्या निघाल्या.