साहेबांची फेरपरीक्षा

(संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यातली प्रशिक्षणाची खोली. सकाळचे साडेदहा. साहेब म्हणजे विभागप्रमुख. बाई इथे कामगारांना शिकवतात आणि त्यांच्या परीक्षा घेतात.)

साहेब : ...आणि कार्ड लावलं तर दार लाल दिवा दाखवतंय. माझ्या कार्डाला! खाली पाहुणे येऊन बसलेत. अकरा वाजता त्यांना क्लीनरूम दाखवायचीय. चालू करा ते आधी.

बाई : तीनदा नापास झालं की कार्ड आपोआप बंद पडतं, साहेब. मग माझ्यासमोर बसून फेरपरीक्षा. नियम तुमच्याच सहीचा आहे.

साहेब : नापास कसला? एका प्रश्नावर अडलंय. तेही पहिल्याच.

बाई : तो सुटल्याशिवाय दुसरा उघडत नाही. बसा ना. खुर्ची जरा डुगडुगते, भिंतीला टेकवून घ्या.

साहेब : बसायला वेळ नाहीये. तो प्रश्न काढून टाका.

बाई : आधी वाचू तर. 'एका तंत्रज्ञाच्या नावावर रसायनं हाताळायची परीक्षा दहा वाजून दहा मिनिटांनी दिली गेली. त्या वेळी तो क्लीनरूममध्ये होता, आणि तिथे परीक्षेचा संगणकच नाही. पुढे त्याला ॲसिड लागलं. लागल्यावर काय करायचं हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. दोष कोणाचा? अ, तंत्रज्ञाचा. ब, यंत्राचा. क, त्याच्या नावाने परीक्षा देणाऱ्या विभागप्रमुखाचा. ड, कोणाचाच नाही.' तुम्ही आधी अ दाबलंत, मग ड, मग परत अ.

साहेब : ही सरळ सरळ माझी बदनामी आहे.

बाई : तुमचं नाव कुठे आहे त्यात? खाई त्याला खवखवे.

साहेब : हे मंजूर कोणी केलं?

बाई : तुम्ही. गेल्या महिन्यात नव्या परीक्षेची एकशे बारा पानं पाठवली होती मी. तीन मिनिटांत मंजुरी आली. वाचणार नाही हे ठाऊकच होतं मला.

साहेब : म्हणजे सापळा लावलात.

बाई : लावला.

साहेब : शिकवायच्या जागेवर बसून वैर काढताय, बाई. भाऊ तुमचा म्हणून... थांबा, फोन आहे. हां, बोला. कंपनीची फिल्म दाखवा त्यांना. दाखवली? मग परत दाखवा. हो, येतोच आहे मी. ...हे बघा, त्यानेच मला सांगितलं होतं. 'साहेब, इंग्रजीतली परीक्षा आहे, माझ्याच्याने व्हायची नाही, तुम्हीच देऊन टाका.' हे नाही सांगितलं त्याने घरी?

बाई : सांगितलं. पहिल्याच दिवशी, दवाखान्यात. माझा धाकटा भाऊ वेंधळा असेल, लबाड नाही. त्या सकाळी सहा जणांच्या परीक्षा तुमच्या टेबलावरून गेल्या. एकापाठोपाठ, प्रत्येकी चार मिनिटं. उद्या कोणी म्हणालं मला विहिरीत ढकला, तर ढकलणार?

साहेब : मग काय, मशीन बंद ठेवून माणसं इथे पाठवायची? वरून रोज एकच विचारतात, आज सिलिकॉनचे वेफर किती निघाले. तुम्हाला काय, उंटावरून शेळ्या हाकायच्या.

बाई : चला, मान्य. मशीन थांबवता येत नव्हतं. मग चौकशीच्या दिवशी तेच सांगायचं होतंत. काय सांगितलंत तुम्ही? 'माणूस परीक्षा पास होता. निष्काळजीपणा त्याचा.'

साहेब : झालं ते झालं. तीन वर्षं झाली त्याला.

बाई : त्या ॲसिडचं वाईट काय, तर लागल्या लागल्या फारसं दुखत नाही. ह्याने नळाखाली हात धुतला, नवे हातमोजे चढवले आणि शिफ्ट पुरी केली. त्यावरचं मलम चार पावलांवर, भिंतीवरच्या पेटीत. ते कशाचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. घरी आल्यावर कळा सुरू झाल्या. उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. ती मी मागत नाहीये तुमच्याकडे. पण त्याच्या कागदावर 'निष्काळजी' असा शेरा आहे. चार कारखाने फिरला. कागद बघतात आणि रस्ता दाखवतात. आई जेवायला हाक मारते, तर म्हणतो, काम नाही केलं, भूक कशाची लागणार.

साहेब : आणि मी क दाबलं तर?

बाई : तुमच्या नावापुढे तुमचं उत्तर नोंदलं जाईल. ते मी त्याच्या अर्जाला जोडणार. वरचं ऑफिस केव्हापासून म्हणतंय, विभागप्रमुखांनी लेखी काही दिलं तर शेरा काढू.

साहेब : माझ्या नोकरीचं काय होईल, याचा विचार केलात?

बाई : केला. बरं वाटलं मला.

साहेब : नाहीच दाबलं तर? उपप्रमुख नेतील पाहुण्यांना.

बाई : नेऊ देत. त्यांनी पहिल्या फटक्यात क दाबलंय. अकराशे लोकांनी दाबलं, राहिलात ते तुम्ही एकटे. तुमचं दार मात्र उद्याही लाल आणि परवाही लाल.

साहेब : अकराशे. म्हणजे सगळ्या कारखान्याला कळलं.

बाई : कळलेलं होतंच. आता त्या उत्तराला मार्क मिळाले, एवढंच.

साहेब : तुम्हाला कामावर मी घेतलं होतं, बाई. वरचे नको म्हणत असताना.

बाई : विसरले नाही. म्हणून तर प्रश्नात नाव घातलं नाही.

साहेब : सरका. माउस कुठाय? ...हे घ्या. क. 'बरोबर' म्हणतंय. झालं समाधान? उगवलात सूड.

बाई : उगवला. खोटं कशाला बोलू? तीन वर्षं ह्याच एका गोष्टीची वाट बघत होते.

साहेब : मग आता कार्ड.

बाई : एकोणतीस प्रश्न बाकी आहेत. दुसरा वाचा. फेरपरीक्षेत मोठ्याने वाचायचा असतो.

साहेब : 'मलमाची माहिती अभ्यासक्रमात होती, पण चौसष्टाव्या पानावर, बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत. वाचणाऱ्यांना इंग्रजी जमत नाही, हे लिहिणाऱ्या व्यक्तीला पक्कं ठाऊक होतं.' ...तो अभ्यासक्रम तुम्हीच लिहिला होता ना?

बाई : पुढे वाचा.

साहेब : 'दोष कोणाचा? अ, तंत्रज्ञाचा. ब, छापणाऱ्याचा. क, कोणाचाच नाही. ड, अभ्यासक्रम लिहिणाऱ्या बाईंचा, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीचा.' ...बाई, हे कशाला घातलंत?

बाई : ड दाबा, साहेब. पहिल्या दिवशी, सगळ्यांच्या आधी, मीच दाबलं.